गाडीगत भरलेली होडी

"काहिलीत बसायला मी काय गूळ हाय?"

असं मी दिराला बोलले, तेही काठावरच्या माणसांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात. तिथंच मी फसले. माझं नाव गोजरबाई. एकदा तोंडातून गेलेला शब्द मी आजवर परत घेतलेला नाही.

आमची वस्ती धरणाच्या पोटात गेली होती. वर नवं गावठाण आखून मिळालं, पत्र्याची घरं उठली. पण बहात्तर साली दुष्काळ पडला आणि धरणात चिमणीच्या चोचीपुरतंही पाणी राहिलं नाही. आमचं जुनं टेकाड, टेकाडावरचं घर, खालची काळी माती, सगळं उघडं पडलं. मी म्हटलं, आपलीच माती आपल्याला हाका मारतेय. मग मी, माझा लेक कारभारी आणि सून विजयमाला परत तिथं राहायला गेलो. त्र्याहत्तरला पाऊस आला तशी बाजरी पेरली. बाजरी कमरेला लागली आणि पाणीही कमरेला लागलं. गणपती बसले तेव्हा टेकाडाभोवती चारी अंगानं पाणी होतं.

मी रोज सकाळी पाण्याच्या कडेला काठी रोवायची. दुसऱ्या दिवशी ती काठी पाण्यात असायची. दारातून पाण्यापर्यंत आधी सत्तर पावलं होती, मग चाळीस, मग एकवीस. साप, विंचू, उंदीर, सगळे आमच्याच टेकाडावर चढून आलेले. उंदराला साप खाईना आणि सापाला आम्ही मारीना. जायचं कुठं, हा सगळ्यांचाच प्रश्न.

मच्छिंद्र, माझा धाकटा दीर, गूळ शिजवायची काहील वल्हवत तीनदा न्यायला आला. आमच्याकडं नदी ओलांडायला काहीलच घेतात. पण ती पाण्यात भिंगरीसारखी फिरते आणि माणूस तिच्यात उकिडवा बसून कडा धरून ठेवतो. मी, पाटलाची लेक, तशी बसून गावापुढं उतरू?

"मग काय करता वहिनी? पोहता?"

"माझा लेक होडी करतोय."

मच्छिंद्र एवढा हसला की काहील दोन गिरक्या फिरली.

हसण्यासारखंच होतं ते. कारभारी मुंबईला माझगावात साहेबलोकांच्या शिडाच्या होड्या बांधायच्या कारखान्यात सुतार होता. कारखाना बंद पडला तसा तो पत्र्याच्या नळकांड्यात होडीचा एक नकाशा घालून घरी आला. जनावरं चाऱ्यावाचून हाडं झालेली, विहिरीच्या तळाला भेगा, आणि हा लिंबाखाली होडी करायला बसलेला. मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"आई, भरायची होडी पळत न्हाई. पळायची होडी भरता येत न्हाई," तो म्हणायचा. "ही दोन्ही करती. अंग काकडीगत निमुळतं, म्हून पळती. अन् पोटात दोघं झोपतील, चूल मांडता येईल एवढी जागा. म्हैनाभर पाण्यावर ऱ्हावं."

"म्हैस कुठं बांधायची तुज्या काकडीत?"

तळाला त्यानं एक उभी फळी खाली सोडली आणि तिच्या बुडाला बैलगाडीचा लोखंडी आख आणि चाकांवरच्या दोन्ही लोखंडी धावा ठोकून बसवल्या. गाडी मोडली म्हणून मी दोन दिवस जेवले नाही. तो म्हणाला, वारा होडीला आडवी पाडायला बघतो आणि हे खालचं वजन तिला परत उभी करतं. शीड मांजरपाटाचं. ते मी आणि विजयमालानं शिवलं, दुहेरी टीप मारून. सांधे डांबरानं बुजवले.

पाणी दारापासून सहा पावलांवर आलं त्या सकाळी होडी आपोआप तरंगली. ढकलावीसुद्धा लागली नाही.

भरणं माझ्याकडं. चाळीस वर्षं मी गाडी भरतेय. गाडीचं वजन मागं गेलं की ती उलाळ होते, जू वर उचलतं आणि बैलाच्या गळ्याला फास बसतो. म्हणून धान्याची पोती पुढं, जातं पुढं, तांब्याचा हंडा पुढं आणि सगळ्यांच्या पुढं मी.

"आई, हिला बैल न्हाईत," कारभारी म्हणाला. "वजन मधी पायजे."

"तू नकाशा बघ. मी गाडी बघते."

दाराला कुलूप घातलं, किल्ली कनवटीला लावली आणि टोकावर जाऊन बसले. विजयमाला मागं, कारभारी सुकाणूवर.

वारा समोरून, गावठाणाकडूनच येत होता. मी म्हटलं, वाऱ्याच्या तोंडात ही कशी जाईल? तर म्हणे तिरकी, घाट चढताना गाडी वळणं घेते तशी. शीड ताणलं गेलं आणि होडी एका अंगावर कलली. मी देवाचं नाव घेतलं. "कलू दे, तिला तशीच बनवलीय," तो ओरडला. आणि खरंच, कलली तशी ती कलूनच राहिली, पडली नाही. खालच्या आखानं धरली होती.

पण पळेना. नाक पाण्यात खुपसून डुकरागत उकरत चालली. प्रत्येक लाट माझ्या मांडीवर. वळायची वेळ आली, कारभारीनं सुकाणू फिरवलं आणि होडीनं ऐकलंच नाही. मागचं अंग उचललं गेलं होतं, सुकाणू अर्धं पाण्याबाहेर. वारा आम्हाला मागं लोटत निघाला, आमच्याच टेकाडाकडं, जिथं बुडालेल्या बाभळींची टोकं पाण्यातून वर आली होती. खालची फळी त्यात अडकली असती तर सुटलो नसतो.

तेवढ्यात मच्छिंद्र काहील घेऊन आला. काठावर सगळं गाव उभं.

"वहिनी, या की इकडं! काहिलीत जागा हाय!"

पुढं काहील, मागं बाभळी. कारभारीनं माझ्याकडं बघितलं. दोन्ही हातांनी तो सुकाणू दाबून धरत होता. दीड वर्षाचं त्याचं काम, आणि त्याच्यावर मी बसले होते.

मी खाली उतरले. होडीच्या पोटात उभं राहता येत नव्हतं, म्हणून गुडघ्यांवर, पदर कंबरेला खोचून, जातं ओढत.

"आत्याबाई, राहू द्या, मी वढते."

"तू पोती घे. मधी आण. बडबडू नको."

जातं मधोमध ठेवलं, हंडा ठेवला. पोती विजयमालानं आणली. मग मी रांगत सगळ्यांत मागं गेले आणि लेकाच्या पायाशी, सुनेच्या जागेवर बसले. आयुष्यात पहिल्यांदा सुनेच्या जागेवर.

नाक वर आलं. सुकाणूनं पाणी धरलं ते मला माझ्या बुडाखाली कळलं, बैलानं खांदा दिल्यावर गाडीत कळतं तसं. बाभळींची टोकं चार हातांवर असताना होडी वळली. आणि मग पळाली, बाई! शीड थरथरायचं बंद झालं, पाणी दोन्ही अंगांना फाकत गेलं. मच्छिंद्रच्या काहिलीला आमच्या लाटेनं तीन गिरक्या घातल्या. पाच वळणं घेऊन आम्ही काठाला लागलो. तो आला तेव्हा माझी पोती उतरूनही झाली होती.

"काय वहिनी, मागं बसला हुता?"

"मागून समदं दिसतं, भाऊजी. तुमी कसे फिरत हुता, ते बी."

माणसं हसली. कारभारी हसला, मान खाली घालून.

खरं म्हणजे मागून मला टेकाड दिसत होतं. दार दिसत होतं, कुलूप दिसत होतं. मग दार दिसेनासं झालं. भाकरीएवढं टेकाड राहिलं, आणि चौथ्या वळणानंतर ते कुठल्या बाजूला आहे हेही मला सांगता येईना.

संध्याकाळी पत्र्याच्या घरात विजयमालानं चूल पेटवली. भिंती चार, दार एक, समोर तसंच दुसऱ्याचं दार. मी आमच्या दारापासून त्या दारापर्यंत पावलं मोजली. अकरा भरली.

किल्ली अजून कनवटीला आहे. कारभारीनं दोनदा विचारलं, आई, ती कशाला ठेवलीस? मी त्याला म्हटलं, तू तुझं सुकाणू बघ.