बेडकाला काही होत नाही

"मावशी, हातात कुठली जाळी आहे तुमच्या?"

डॉक्टरीणबाई दारातच थांबल्या. मावशींनी खाली पाहिलं. हिरव्या दांड्याची. बेडकांची जाळी, आणि ती बुडाली होती सॅलमँडरच्या पाण्यात.

प्राणिसंग्रहालयाच्या या थंड खोलीतला नियम नव्या माणसांना मावशीच शिकवायच्या. आधी सॅलमँडर, मग बेडूक. जाळी वेगळी, बादली वेगळी. बेडकांच्या कातडीवर एक बुरशी असते. ती अंगावर घेऊन ते खातात, ओरडतात, संसार वाढवतात. सॅलमँडरला ती लागली की संपलंच. आणि त्याच्या जातीचे रानातही आता जेमतेम उरलेले, इथे तर हा एकटाच. दिसायला ओल्या पालीसारखा, दिवसभर दगडाखाली. तिकीटवाला विचारायचा, "मावशी, तुमचा भाडेकरू घरात आहे, की कुलूप लावून गेलाय?"

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "तुम्ही फार लवकर कामावर आलात. तुमचे यजमान जाऊन दिवस तरी किती झाले?"

"घरी काय करू? नणंद रोज फोन करते, वहिनी, एकदा रडून घे. म्हटलं, बघते जमलं तर."

सॅलमँडरला वेगळ्या डब्यात ठेवलं, रोज औषधाच्या पाण्यात बुडवलं. तो ओल्या कागदाच्या घडीखाली जाऊन बसायचा. आधी त्याचं खाणं सुटलं. मग कातडी सोलवटायला लागली.

"बेडकांना कसं काही होत नाही हो?" मावशींनी विचारलं.

"ते नुसते बाळगतात. त्यांना कळतही नाही."

मावशी डब्याचं झाकण पुसत राहिल्या. पुसलेलंच पुन्हा पुसलं.

"मला नुसती सर्दी होती," त्या म्हणाल्या. "दोन दिवस नाक गळलं, मग मी आपली भांडी घासायला उभी. ह्यांना तीच लागली. छातीत उतरली."

"मावशी, तसं नसतं."

"मी कुठं काय म्हणतेय?"

एका सकाळी सॅलमँडर कागदाच्या वर पडलेला होता. अगदी उघड्यावर, कुणालाही दिसेल असा. मावशींनी बोटानं डबा हलवला. पाणी हललं, तेवढंच.

डॉक्टरीणबाई डबा घेऊन निघाल्या. दारात वळल्या. "आज बेडकांचं दुसरं कुणीतरी बघेल. तुम्ही बसा जरा."

"का? त्यांनी काय केलंय?"

मावशींनी काचेचं झाकण सरकवलं. चिमट्यात गांडूळ धरून एकेकापुढे नेलं. बेडूक झडप घालत होते, एकमेकांच्या डोक्यावर चढत होते.

"हळू रे. पळून नाही जात कुणी."

सगळ्यांत धाकट्याच्या तोंडातून गांडुळाचं टोक बाहेर राहिलं होतं. मावशी चिमटा धरून थांबल्या. त्यानं डोळे मिटून घेतले, बेडूक गिळताना ओढतात तसे आत ओढले आणि गिळलं. मग डोळे उघडून तो त्यांच्याकडे बघत बसला. मावशींनी त्याला आणखी एक दिलं.