भुरीचं उजवं नाक

बिरसी गावच्या दुधरामच्या घरात शिंकेशिवाय दिवस उजाडत नव्हता. आणि शिंकायचं कोण, तर मांजर! भुरी तिचं नाव. इंग्रजांच्या राज्यातली गोष्ट. निघताना कोणी शिंकलं की माणूस उंबऱ्यातून मागं फिरायचा, पाणी प्यायचा, घटकाभर बसायचा आणि मगच निघायचा. दुधराम तर याबाबतीत गावाच्या दोन पावलं पुढं. पण भुरी काय एकदा शिंकून थांबणारी होती? तो बसला की ती शिंकायची, उठला की पुन्हा शिंकायची. बैलजोडी बघायला तो तीनदा निघाला आणि तीनदा परतला. चौथ्या दिवशी कळलं, बैल कामठ्याच्या कोणीतरी नेले.

मग त्याचं डोकंच फिरलं.

"उद्या सकाळी बांबू आणाले नागझिऱ्याकडं गाडी जुपतो," तो बायकोला म्हणाला. "भुरीले पोत्यात घालून नेतो अन् तिथंच सोडतो. वाघाची न्याहारी तरी होईल!"

जमुनाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. मागच्या साली ती हिवतापानं महिनाभर अंथरुणाला खिळली होती. ऐन रोवण्याचे दिवस, कोणाला जवळ बसायला सवड नव्हती. बसली ती एकटी भुरी, पायथ्याशी. तिला रानात टाकायचं म्हणजे आपलंच काळीज टाकून यायचं.

आठ महिने जमुनाबाई त्या नाकाशी झुंजत होती. ओव्याची धुरी दिली, हळद लावली, धान उकडायच्या हंड्याजवळ बसवून वाफ दिली. वाफेनं अर्धा दिवस बरं वाटायचं, की पुन्हा घरघर सुरू. वास येत नाही म्हणून खाणं सुटलेलं. कोमट पेज बोटानं चाटवावी तेव्हा कुठं दोन घास पोटात जायचे. जडीबुटीवाल्या कवडूनं तर हातच झटकले. "जन्माची सर्दी हाये, काकू. मांजरीसंगंच जाईल." मोठा वैद्य लागून गेला! नाक बघायला खाली वाकलाही नव्हता मेला.

त्या संध्याकाळी जमुनाबाईनं राखेनं लख्ख घासलेल्या पितळी थाळीत मासोळीचा तुकडा ठेवला आणि भुरीपुढं सरकवला. निदान जाता जाता तरी खाईल. भुरीनं थाळीला नाक टेकवलं आणि तशीच बसून राहिली. पितळेवर तिच्या श्वासाची वाफ धरली, पण एकाच बाजूला. जमुनाबाईनं थाळी पुसली, पुन्हा नाकापुढं धरली. डाव्या नाकपुडीखाली वाफ आणि उजवीखाली पितळ कोरडं! शेंबूडही सदा उजवीकडूनच वाहायचा, हे तिला आता आठवलं.

"रुख्मा!" तिनं सुनेला हाक मारली. "सर्दी काय अर्ध्या नाकाले होते का वं?"

"नाही जी, आत्याबाई."

"मंग ही सर्दी नाही. नाकात काहीतरी अडकून राहिलं!"

सकाळी अंगणात गाडी जुंपली गेली. दुधराम पोतं घेऊन आला, तर बायको उकडत्या धानाच्या हंड्याशी बसलेली. शेजारी रुख्मानं भुरीला जुन्या लुगड्यात गच्च गुंडाळून धरलेलं, फक्त तोंड बाहेर.

"तुमचा काट्याचा चिमटा द्या," जमुनाबाई म्हणाली.

पायातले काटे काढायचा चिमटा दुधरामच्या करदोट्याला कायम लटकलेला असायचा. त्यानं तो कुरकुरत काढून दिला. जमुनाबाई वाफेत भुरीचं नाक चोळत होती आणि विनवत होती, "शिंक वं माय, शिंक! जोरानं शिंक!"

"अवो, याड लागलं का तुले?" दुधराम ओरडला. "मी निघून राहिलो अन् तू तिले शिंकवून राहिली? काऊन?"

"तुमी गप बसा!"

तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य या घरात प्रथमच ऐकू आलं. दुधराम दोन पावलं मागं सरला.

भुरी शिंकली. काही नाही. पुन्हा शिंकली, तेव्हा उजव्या नाकपुडीत काळं टोक दिसलं आणि आत गेलं. तिसरी शिंक आली आणि जमुनाबाईनं टोक चिमट्यात पकडलं. हळूहळू ओढत तिनं बोटभर लांब, सडून काळं पडलेलं गवताचं पातं बाहेर काढलं. पाठोपाठ पू आला, रक्ताचा एक थेंब आला.

"बाप्पा बाप्पा!" दुधराम वाकून बघतच राहिला. "एवढं तिच्या नाकात होतं?"

"आठ महिने!" जमुनाबाई गरजली. "पोट बिघडलं का गवत खाते ती. ओकताना नाकात चढलं असंल. अन् तुमी अपशकून म्हणून राहिले!"

नाक पुरतं सुकायला पुढं महिना लागला, रोज मिठाच्या कोमट पाण्यानं पुसावं लागलं, ते निराळं. पण त्या घडीला रुख्मानं लुगडं सोडलं, भुरीनं अंग झटकलं आणि मान वर केली. दोन्ही नाकपुड्या हलल्या. ती तडक स्वयंपाकघरात धावली आणि सुक्या मासोळीच्या टांगलेल्या मडक्याखाली उभी राहून अशी ओरडली, की शेजारपाजारचे धावत आले.

जमुनाबाई हसतही होती आणि रडतही होती. तिनं मूठभर मासोळी भुरीपुढं ओतली. आपल्या नाकानं हुंगून, आपल्या दातांनी चावून मांजर खाऊ लागली.

दुधराम रिकामं पोतं खांद्यावर टाकून गाडीकडं वळला.

"अवो!" जमुनाबाई दारातून ओरडली, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी. "नागझिऱ्याच्या वाघाले सांगा, भुरी येत नाही म्हणा!"