घारा डोळा

कृष्णाजींनी हनुवटी यंत्राच्या पट्टीवर टेकवली तेव्हा त्यांच्या मनात एकच होतं. आपला डोळा स्वच्छ निघावा, म्हणजे सुनेचं तोंड बंद होईल.

दोन वर्षं त्यांनी हे टाळलं होतं. नात हरिणीचा डावा डोळा कर्करोगापायी काढावा लागला, तेव्हाच डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, की रक्ताच्या सगळ्या माणसांच्या डोळ्यांचे आतून फोटो काढा, रोग वंशातला आहे का ते त्यावरून कळेल. मुलगा सुधींद्र जाऊन आला. त्याचे डोळे स्वच्छ निघाले. कृष्णाजी गेले नाहीत. लेक नंदिताची सोयरीक पेरुंगुडीच्या घरात जमत होती. तंजावरकडची आपली मराठी घरं मोजकी, एका घरात कुणी शिंकलं तरी दहा घरांत कळतं. लग्नानंतर बघू, म्हणाले, आणि रोग वंशातला असू शकतो हे लेकीलाही कळू दिलं नाही. मग बाळंतपणानंतर. मग बारशानंतर.

"मामंजी, बारसं होऊन चार महिने झाले," आज सकाळी सून सुनेत्रा घराच्या दारातच उभी राहिली. "येताय, की वन्संना फोन करू?"

"तू पुण्याची. तुम्हांला सगळं चव्हाट्यावर मांडायची हौस."

"हौस असती तर दोन वर्षं गप्प बसले नसते."

म्हणून ते आले. डोळ्यांत थेंब पडले, लख्खकन उजेड झाला. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर डोळ्याच्या आतला नारिंगी गोल दाखवला. त्याच्या कडेला चुन्याचं बोट पुसावं तसा पांढरा डाग होता.

"आजोबा, लहानपणी तुम्हांलाही ही गाठ झाली होती," त्या तमिळमध्ये सावकाश म्हणाल्या. "क्वचित ती आपली आपण सुकते. तुमचा डोळा वाचला, दोष रक्तात राहिला. मुलाच्या डोळ्यांत तो दिसला नाही, पण त्याच्याकडून नातीकडे गेला. रक्त तपासूच, पण हा डाग पाहून मला फारशी शंका उरलेली नाही. आणखी मुलं आहेत?"

"एक लेक."

"तिला मूल?"

"मुलगा. पाच महिन्यांचा."

"त्याचे डोळे कुणी पाहिलेत?"

कृष्णाजी पडद्याकडेच बघत राहिले. हरिणीचा डोळा दिव्यासमोर चमकायचा तेव्हा सुनेत्रा घाबरली होती. त्यांनीच तिला उडवून लावलं होतं. घारा डोळा आहे, म्हणाले होते, आपले पूर्वज दख्खनेतून आले ते घारेच होते, तीनशे वर्षांनी खूण परत आली. पोरीला कडेवर घेऊन नातेवाइकांना दाखवत फिरले. त्यात आठ महिने गेले.

आणि गेल्या महिन्यात नंदिताच्या सासूबाईंचा, राजसबाईंचा फोन आला होता. रणवीरबाळाचा उजवा डोळा तुमच्या घराण्यावर गेलाय हो, दिवा लावला की चमकतो. कृष्णाजींना हरिणीचा डोळा आठवला होता. तरी ते हसले. दृष्ट काढा, म्हणाले. या वेळी खरोखरच घारा असेल, असं त्यांनी स्वतःला महिनाभर सांगितलं.

"पाहिलेत," ते म्हणाले. "सगळ्यांनी पाहिलेत."

मग हळूहळू सगळं सांगितलं. सुनेत्रा मागेच उभी होती. ती ओरडली नाही. "महिना झाला?" एवढंच विचारलं.

"आजच आणा त्याला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डोळा वाचेल असा शब्द देत नाही. जीव वाचायला अजून वेळ असावा."

बाहेरच्या बाकावर सुनेत्राने पेरुंगुडीचा नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात ठेवला.

"मी नाही बोलणार. तुम्ही बोला."

थेंबांमुळे त्यांना समोरची भिंतही धड दिसत नव्हती. पलीकडे राजसबाई होत्या.

"काय हो व्याही, नातवाची आठवण झाली वाटतं? या की, तुमच्या घाऱ्याला काजळ घालून बसवलंय."

मागून बाळाचा हुंकार आला. कृष्णाजींनी तोंड उघडलं. 

"अहो, ऐकू येतंय ना?" राजसबाई हसत म्हणाल्या.