चार हात लोकर, तीन मणी

मी एक जुना दोरा आहे. काळ्या मेंढीच्या लोकरीचा, चार हात लांब, मधोमध एक गाठ असलेला. गाठीची गोष्ट पुढे येईल, घाई करू नका. खरं तर मलाच घाई झाली आहे, कारण शेवट माझ्या फार आवडीचा आहे!

मित्रांनो, मला आकारामआज्जांनी कातलं. त्यांची मेंढरं दर साली आष्ट्याच्या शिवारात, ऊस तुटलेल्या रानात खतासाठी बसतात. मी कोकराच्या गळ्यात जाणार होतो. पण त्यांची नात माया शाळेतून पळतच आली.

"आज्जा, क्रांतीताईंनी दोरा मागितलाय! तीन रंगांचं मणी बी!"

आज्जांनी लाडक्या एडक्याच्या गळ्यातले तीन लाकडी मणी माझ्यात ओवले. तांबडा, पिवळा, हिरवा.

मैदानावर बाकी सगळे दोरे नायलॉनचे.

"ह्याला मेंढराचा वास येतोय गं!" मुली खिदळल्या.

"येऊ दे की. तुज्या दोऱ्याला कसलाच येत न्हाई," माया म्हणाली.

मला ती तिथेच आवडली.

तांबडा मणी: नाकाजवळचा

माझं एक टोक खांबाला, दुसरं मायाच्या नाकाला. क्रांतीताई खो-खो शिकवतात. त्या म्हणाल्या, "मण्याकडं बघा. दोन्ही डोळे जोडीनं चालत असतील तर एकाच दोऱ्याचे दोन दिसतात, मण्यापाशी फुली होते. सांगा, किती?"

"दोन!"

"दोन!"

माया थांबली. एवढीशीच. "दोन."

खोटं! मी नाकापाशीच होतो. तिचा उजवा डोळा मण्यावर होता आणि डावा हळूच बाहेर निसटला होता.

तरीच! तरीच ती वाऱ्यासारखी धावायची, सूर मारायची, आणि पळणारी बोटभर लांब राहायची. दर वेळी बोटभर. दीड महिन्यावर सांगलीला जिल्ह्याच्या संघाची निवड होती. डोळ्यात खोट निघाली तर ताई वगळतील, या भीतीनं माया गप्प राहिली. मला तोंड नव्हतं.

पिवळा मणी: मधला

संध्याकाळी मेंढरं बसली की ती मला बाहेर काढी. एक टोक आज्जांच्या हातात, एक तिच्या नाकाला. आठ दिवस तिला एकच दोरा दिसला. नवव्या दिवशी मी थरारलो. डावा डोळा आत येत होता. येत होता. आला!

"आज्जा! दोन दिसाय लागलं! दोन!"

आज्जा ताडकन उठले. "एकाचं दोन? आगं, कळपावर असं दिसाय लागलं की मेंढक्यानं घरी बसायचं! डोळं घालवायचा ख्योळ हाय ह्यो!" आणि लोकर कापायची कातर उचलून त्यांनी मला—

(इथे मी तुटलो आहे.

थांबा.

गाठ बसू द्या.)

—मायानं मला बांधलं आणि आज्जांच्या मिशीवर नेऊन टेकवलं. "आवं आज्जा, दोनच दिसाय पायजेत! तुमीच बघा की मण्याकडं!"

आज्जांनी बघितलं. मिशी हलली. "आरं तिच्या! मला बी दोन! आन् तुला?"

"मला आजपतुर एकच, आज्जा. ताईंना मी खोटं सांगितलं."

आज्जा खाली बसले. "मागल्या साली लंगडी मेंढी म्या डाक्टरापासनं दडवली. काय झालं? आजून लंगडतीया. उद्या जाऊन सांग."

हिरवा मणी: लांबचा

तिनं सांगितलं. मला मुठीत आवळून, सगळ्यांसमोर.

"मग इतके दिवस का लपवलंस?" ताई म्हणाल्या.

"संघातनं काढशिला म्हणून."

"अगं, हे कळावं म्हणूनच तर दोरा आणायला लावला!"

ताईंनी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डावा डोळा पळता पळता साथ सोडतो, ते म्हणाले. त्यांनी रोजचा सराव नेमून दिला. मग काय! सकाळ, संध्याकाळ मी! आधी तांबडा मणी, मग पिवळा, मग हिरवा, पुन्हा तांबडा. नायलॉनचे दोरे कधीच कोपऱ्यात गेले होते.

आणि सांगली! मी ताईंच्या मुठीत, घामानं चिंब. शेवटचं मिनिट. पुढे दुसऱ्या शाळेची अंकिता, वळणारी, निसटणारी. खांबापाशी मायानं सूर मारला. धूळ. हात. ते बोटभर अंतर...

नव्हतंच!

शिवली! शिट्टी वाजली आणि ताईंनी मला इतकं आवळलं की माझी गाठ त्यांच्या तळव्यावर उमटली. संध्याकाळी यादीत मायाचं नाव होतं.

आता मी विरत चाललो आहे. मित्रांनो, माझ्यासाठी काही मागत नाही. नव्या मुली येतात, मला नाकाला धरतात. एखादी उत्तर देताना थांबते. एवढीशीच. मग माया शेजारी बसून म्हणते, "एक दिसत आसंल तर एकच म्हण गं. कुणी हसणार न्हाई. ही गाठ बघितलीस का?"

तुम्हीही हसू नका. आणि तुम्हाला एकच दिसत असेल, तर आजच सांगा.