गल्लीच्या तोंडाचा चहा

हनोईत घर घ्यायचं तर आधी घर बघत नाहीत. आधी गल्लीच्या तोंडाशी बर्फाच्या चहाची टपरी असते तिथं बसतात. घरमालक खोटं बोलेल, दलाल तर बोलणारच. पण चहावालीला सगळं माहीत असतं. पाणी कुठवर चढतं, कोण कुणाशी भांडतं, घर विकायला का काढलंय. एक ग्लास चहा घ्यायचा, सूर्यफुलाच्या बिया सोलायच्या आणि कान उघडे ठेवायचे.

लुआन तेच करत होता. एसी दुरुस्त करणारा माणूस. लोकांच्या भाड्याच्या खोल्यांमध्ये एसी बसवता बसवता त्याच्या डोक्यात शिरलं होतं की खरा पैसा एसीत नाही, खोलीत आहे. एक अरुंद तीन मजली घर घ्यायचं, कॉलेजच्या पोरांना खोल्या द्यायच्या. पहिलं घर. विसार म्हणून जाणार होतं बायकोचं, थोआचं सोनं. लग्नात तिच्या आईनं दिलेलं. ते बुडालं तर दुसरं काहीच नव्हतं.

म्हणून तो सगळ्यांवर संशय घेत होता. दलाल बाख फार गोड बोलतो, संशय. घराला नवा रंग दिलाय, संशय. मालक भेटतच नाही, मोठा संशय.

टपरीवाली तुएतमावशी मात्र गोड बोलत नव्हती.

"ते घर?" मावशी म्हणाली. "घेऊ नकोस पोरा. पावसात जिन्यापर्यंत पाणी. स्कूटर आत लावायची तर आरसा भिंतीला घासतो. वरच्या मजल्यावर उकडून मरशील."

"एवढं वाईट आहे?"

"वाईट म्हणजे! मी तर भाच्यालाही सांगितलं, थांब जरा, किंमत आणखी पडू दे, मग..." मावशी एकदम थांबली. फडकं उचलून आधीच पुसलेलं स्टूल पुन्हा पुसायला लागली.

लुआनच्या डोक्यात दिवा लागला. अच्छा! म्हातारीला भाच्यासाठी हवंय. म्हणून येईल त्याला हाकलतेय. म्हणजे घर चांगलंच असणार.

त्यानं बाजूला जाऊन थोआला फोन केला. "सोनं घेऊन ये. आजच विसार देऊन टाकू. बाखलाही बोलावतो."

थोआ बाइक टॅक्सीनं आली. हेल्मेट डोक्यावरच, पोटाशी बॅग घट्ट धरलेली. लुआननं कुजबुजत सगळं सांगितलं. आपण किती हुशारीनं ओळखलं तेही सांगितलं.

थोआनं ऐकून घेतलं. "किती वर्षं विकते ही चहा इथं?"

"असतील वीसेक."

"वीस वर्षं गल्लीची गुपितं पोटात ठेवून बसलेली बाई. आणि तुझ्यासमोर तिची जीभ घसरली? तू कोण रे एवढा?"

"अगं, होतं कधीकधी."

थोआ सरळ मावशीसमोर जाऊन बसली. "मावशी, एक चहा. आणि ऐका, तुमचा भाचा घेणार असेल तर आम्ही मागे सरतो. उद्या इथं भाडेकरू ठेवायचे तर गल्लीतल्याच माणसाचं मन कशाला दुखवायचं? सांगा त्याला, घे म्हणावं. आम्ही चाललो."

मावशीला हेच तर हवं होतं ना? मग हसायला पाहिजे होतं. मावशीचा चेहरा उतरला.

"नाही गं पोरी, तो कसला घेतोय! तुम्हीच घ्या."

"पाणी भरतं ना पण?"

"पाणी काय, पावसात अख्ख्या हनोईत भरतं. लगेच उतरतं की."

"आणि वर उकडतं?"

"नवरा एसीवाला आहे ना तुझा?"

लुआन चमकला. आपण एसीचं काम करतो हे त्यानं मावशीला सांगितलंच नव्हतं. सांगितलं होतं फक्त बाखला.

"मावशी," थोआ हळूच म्हणाली, "भाच्याचं नाव काय?"

मावशीनं एक बी दातांत धरली. फोडली. टरफल थुंकलं.

"बरं बाई, जिंकलीस. आधी मी कौतुकच करायची. पण हल्ली कौतुक केलं की माणसं चहा अर्धा टाकून उठतात, आणि घर विकलं तरच बाख मला वाटा देतो. मग बाख म्हणाला, मावशी, शिव्या घाला, आणि शेवटी तो भाचा काढा. बसलेला माणूस हलत नाही."

"आणि घर? घर खरं कसंय?" लुआननं विचारलं.

"घर चांगलंय रे. देवाशपथ चांगलंय."

आता यावर काय करायचं? लुआन तिच्या तोंडाकडे बघत राहिला. कदाचित खरंच सांगत होती. कदाचित हेही बाखनंच शिकवलं होतं. तेवढ्यात लांबून बाख येताना दिसला, इस्त्रीचा शर्ट, हात हलवत. थोआनं चहाचे पैसे ग्लासाखाली ठेवले आणि उठली.

"अहो लुआनदादा! वहिनी! निघालात कुठं?" बाख ओरडला. लुआननं स्कूटर चालू केली.

सिग्नलला तो म्हणाला, "खरंच चांगलं असलं तर?"

"असेलही. दुसऱ्याला मिळू दे."

"पण तुला कळलं कसं गं? मी तर पुरता फसलो होतो."

"आई चहाच विकायची ना माझी. तिकडे नाम दिन्ह शहरात, गल्लीच्या तोंडाशी. विसरलास?"

विसरला नव्हता. फक्त कधी विचार केला नव्हता. त्याच्या पाठीला मागून ती बॅग टोचत होती. नुसत्या चहाच्या टपरीवर एवढं सोनं जमतं? प्रश्न जिभेवर आला होता. मागे थोआ गप्प होती, आणि तिचं हे गप्प बसणं नेहमीसारखं आहे की नाही, तेच त्याला ठरवता येईना.

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले.