वधूची वादग्रस्त सही

प्रयोगशाळेत तिला तोंडावर ‘भिंगताई’ म्हणत आणि पाठीमागे नुसतं ‘भिंग’. मृत्युपत्रावरची, धनादेशावरची, भाडेकरारावरची सही खरी की खोटी हे सांगणं तिचं काम. ते ती इतक्या थंडपणे करी, की तिची उलटतपासणी घ्यायला उठलेला वकीलच मध्येच पाणी मागे. घरात या गुणाचं कुणाला फारसं कौतुक नव्हतं. प्रगतिपुस्तकावरची बापाची सही लेकीनेच ठोकलीय हे तिने भर जेवणात जाहीर केल्यापासून भाची तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोले.

लग्नाचा निर्णयही आपण तसाच थंडपणे घेतला, असं तिचं म्हणणं होतं. नवरदेव प्रयोगशाळेतला शेजारच्याच खोलीतला, शाई आणि खाडाखोड तपासणारा, म्हणून सगळ्यांचा ‘शाईवाला’. “प्रेमबीम काही नाही गं,” तिने आईला सांगितलं होतं. “बाजूचे मुद्दे काढले, विरुद्धचे काढले, बाजूचे जास्त भरले. संपला विषय.” आई हे ज्याला त्याला सांगत सुटली होती. शाईवाल्याच्या कानावर आलं तेव्हा तो गालातल्या गालात हसला आणि म्हणाला, “विरुद्धचे कुठले, तेवढं विचारून ठेवा.”

तर ही मंडळी सकाळी विवाह नोंदणी कार्यालयात येऊन बसली. भिंग, शाईवाला, आई, आणि साक्षीदार म्हणून मामा. आज लग्न होणं भागच होतं. दोघांना परवा दूरच्या गावी नव्या प्रयोगशाळेत हजर व्हायचं होतं, आणि तिची बदली ‘पतीसोबत’ या कलमाखाली झालेली. पतीच झाला नाही, तर तो जाणार आणि ही इथेच राहणार. वर लग्नासाठी दिलेल्या नोटिशीची मुदतही आजच संपत होती.

नोंदणी अधिकारी बाई चष्मा कपाळावर चढवून बसल्या होत्या. त्यांनी प्रतिज्ञापत्र पुढे सरकवलं. भिंगने सही केली. केली म्हणजे काढली. नकाशा काढावा तशी, एकेक वळण जपून. बाईंनी चष्मा खाली घेतला, नोटीस काढली, दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि मान हलवायला लागल्या.

“जुळत नाही.”

“काय जुळत नाही?”

“सही. नोटिशीवरची निराळी आहे.”

“असं कसं होईल, मॅडम? दोन्ही माझ्याच.”

“सगळे हेच म्हणतात, असं तुम्हीच सांगितलंत. गेल्या वर्षी आमचं शिबिर घेतलं होतंत ना? ‘संशय आला की पुढे सरकायचं नाही, मग समोर कोणीही असो.’ मी लिहून घेतलंय.”

“घ्या!” मामा म्हणाले. “आणखी शिकवा लोकांना!”

“नोटीस संशयास्पद म्हणजे नवी नोटीस,” बाई म्हणाल्या, “आणि पुन्हा महिनाभर थांबायचं. माझाही नाइलाज आहे.”

भिंगने नवी कोरी पर्स उघडली. आत रुमाल नव्हता, कंगवा नव्हता, भिंग होतं. ते डोळ्याला लावून ती नोटिशीवर वाकली, आणि आपण नवरी आहोत हे साफ विसरली.

“अरे वा! रेघ कापतेय बघा. वेग अजिबात नाही. मध्ये मध्ये दाब एकदम वाढलाय. आणि शेवटचं अक्षर? कुणीतरी धक्का मारल्यासारखं बाहेर पडलंय!” तिचा चेहरा उजळला. “मॅडम, शाबास. तुमचा संशय शंभर टक्के बरोबर आहे. ही सही बनावट आहे.”

 मग भिंगच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते, आणि तिने हळूच भिंग खाली ठेवलं.

“अगं, बनावट म्हणजे?” आईने छातीवर हात ठेवला. “नोटिशीवर दुसऱ्याच बाईनं सही केली?”

सगळ्या नजरा शाईवाल्याकडे वळल्या. मामांनी खुर्ची पुढे ओढली. “जावईबापू, कोण ही? घाबरू नका, घरातलंच समजा.”

“कुणी नाही हो!” शाईवाला ताडकन उठला. “हिनंच केलीय! माझ्यासमोर!”

“मला आठवत नाही,” भिंग पुटपुटली.

“आठवेल कसं? त्या दिवशी तू एका पायात एक आणि दुसऱ्या पायात दुसरीच चप्पल घालून आली होतीस!”

“काय?” आई म्हणाली. “त्या विरुद्धच्या मुद्द्यांच्या गडबडीत?”

 शाईवाल्याने मोबाइलचा दिवा लावला आणि तो कागदाच्या कडेला आडवा धरला. खाडाखोड शोधायची त्याची रोजची रीत. तिरक्या उजेडात कागदाची प्रत्येक खाच वर येते. आली. सहीभर बारीक बारीक उंचवटे, एकासारखा एक.

“मॅडम, हे बघा. दाब वाटेल तिथे वाढलेला नाही, ठरावीक अंतरानं वाढलाय. हा कागद टेबलावर नव्हताच. ही वीण आहे. स्वेटरची. माझ्या.” त्याने स्वतःच्या पाठीकडे बोट दाखवलं. “त्या दिवशी नोटिशीच्या खिडकीपाशी ही गर्दी, आतला माणूस फळी लावायला निघालेला. हिनं मला हुकूम केला, ‘वाक!’ मी वाकलो. हिनं पाठीवर कागद ठेवून सही ठोकली.”

भिंगच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. आठवलं होतं.

“गोष्ट छान आहे,” बाई म्हणाल्या. “पुरावा?”

“नमुना घ्या,” भिंग म्हणाली, आणि पुढे काय होणार हे ठाऊक असूनही वाक्य पुरं केलं. “वादातली सही जशी झाली तसाच नमुना घ्यायचा. तसलाच कागद, तसलंच पेन, तशीच बैठक. मी उभी. हा... ओणवा.”

“आणि स्वेटर?”

आता सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. मामा बारा महिने स्वेटरात. “हे बरंय,” ते बटणं काढत कुरकुरले, “जावयाला द्यायचंच तर नवीन दिलं असतं.” स्वेटर शाईवाल्याच्या अंगात जाईना. आईने मागून ओढलं, मामांनी पुढून, आणि एक बटण उडून बाईंच्या चहात पडलं. बाईंनी ते चमच्याने काढून टेबलावर ठेवलं आणि कोरा कागद पुढे केला.

शाईवाला गुडघ्यांवर हात ठेवून वाकला. भिंगने पाठीवर कागद ठेवला.

“हलू नकोस.”

“मी हलत नाही. तू हसू नकोस.”

“मी कुठे हसतेय?” ती हसत म्हणाली, आणि सही केली. मग दुसऱ्या कागदावर, मग तिसऱ्या. दारात पुढच्या लग्नाची वरात येऊन उभी होती, त्यातल्या नवरीने नवऱ्याला विचारलं, “आपल्यालाही असंच करावं लागतं का रे?”

बाईंनी सह्या शेजारी मांडल्या. तोच कंप, तेच उंचवटे, शेवटच्या अक्षराला तोच धक्का. “जुळतंय,” त्या म्हणाल्या. “नोटीस खरी. पण रेघ एवढी कापतेय कशानं?”

“त्याच्या पाठीनं,” भिंग चटकन म्हणाली. “त्याची छाती धडधडत होती. कागदाखालीच धडधडत होती.”

“खोटं!” शाईवाला ओणव्यानेच ओरडला. “मी श्वास धरून ठेवला होता! वीण माझी, ते कबूल. थरथर तुझी!”

“माझा हात थरथरत नाही. कोर्टाला विचार.”

“कोर्टात मी नव्हतो!”

“बास!” बाईंनी टेबलावर थाप मारली. “सरळ उभे राहा आधी. मला दोघांपैकी कुणाचीही थरथर चालेल. रजिस्टरमध्ये मात्र टेबलावर सही करायची.”

त्यांनी जाडजूड रजिस्टर उघडून भिंगसमोर ठेवलं. शिसवी टेबल, चार माणसांनाही न हलणारं. शाईवाला दोन पावलं मागे सरकला, आणि आपण कशालाही टेकलेलो नाही हे सगळ्यांना दिसावं म्हणून दोन्ही हात वर करून उभा राहिला.

भिंगने पेन टेकवलं. पहिलं अक्षर गेलं. दुसऱ्यापाशी तिने वर पाहिलं. तो मामांच्या तंग स्वेटरात, एक बटण कमी, हात वर, तिच्याकडे बघत उभा होता. पेन कापायला लागलं. तिने ओठ दाबले, दुसऱ्या हाताने मनगट धरलं. उपयोग शून्य. रेघ नाचत नाचत शेवटच्या अक्षरापर्यंत गेली आणि धक्का खाऊन चौकटीबाहेर पडली.

शाईवाल्याने हात खाली घेतले. तिचंच भिंग उचलून तो रजिस्टरवर वाकला. बराच वेळ बघून त्याने अगदी गंभीरपणे विचारलं, “मॅडम, तुमचं टेबल हलतं का हो?”

“नाही बुवा,” बाई म्हणाल्या. “कधीच नाही.”

“गप बस आणि तुझी सही कर,” भिंग म्हणाली. तिने पेन त्याच्या हातात कोंबलं, पण हात काही सोडला नाही. त्यामुळे त्याचीही सही तशीच आली.