खालून आलेला हात

पहिल्याच दिवशी मावशीने मला सल्ला दिला, "नाक घरी ठेवून येत जा." मावशी माझी कुणी नव्हे. पिल्लांच्या कारखान्यात वीस वर्षं काढलेली बाई, तिथे सगळ्यांचीच मावशी. मला वाटलं, नवीन बाईची थट्टा करतेय. अर्ध्या तासात पटलं. ओली पिसं, नासलेली अंडी आणि वरून फवारलेलं औषध, असा तो वास. डबा उघडला की पहिल्या घासात तोच.

काम सोपं. उबवणीच्या खोलीतून एका दिवसाची पिल्लं पट्ट्यावर सरकत येतात. एक उचलायचं, पंख उघडायचा, पिसांची लांबी बघायची. मादी असली तर ट्रेमध्ये, नर असला तर समोरच्या नरसाळ्यात. नर अंडी देत नाहीत, म्हणून त्यांचा उपयोग नाही. नरसाळ्याच्या खाली पाती फिरत असत. त्या यंत्राला सगळे गिरणी म्हणत. लंगडी, आंधळी, कवचातून धड न निघालेली, सगळी गिरणीत. दुपारनंतर खालच्या पिंपातून जे वाहायचं त्याचं वर्णन मी करणार नाही. करून झालंय, अहवालात, चार पानं.

कारण मी तिथे पोटासाठी गेलेच नव्हते. जनावरांवरच्या क्रूरतेविरुद्ध लढणाऱ्या एका संस्थेची मी कार्यकर्ती. खोट्या नावाने कामाला लागले होते आणि एप्रनच्या दुसऱ्या बटणात कॅमेरा होता. अशा कॅमेऱ्यात घालणारीचा चेहरा कधीच येत नाही. येतात फक्त तिचे हात, चित्राच्या खालच्या कडेतून वर आलेले. आमच्या संस्थेचा एक चांगला नियम होता: कामगारांचे चेहरे पुसायचे, आवाज बदलायचे. "लढा मालकाशी आहे, मजुराशी नाही," असं आमच्या प्रमुख, वकीलबाई, नेहमी सांगत.

मावशी तीन नंबरच्या जागेवर, मी चार नंबरला. ती डावखुरी, मी उजव्या हाताची. दिवसभर आमची कोपरं एकमेकांवर आपटायची आणि ती म्हणायची, "सरक ना जरा, नवरीसारखी काय चिकटतेस."

एका सकाळी तिचे गुडघे फार दुखत होते. संडासाला जाते म्हणाली आणि लवकर परतेना. रिकामी जागा दिसली की मुकादम बोंबलायचा, म्हणून मी सरकून तीन नंबरवर बसले. तेवढ्यात कवच पाठीला चिकटलेलं एक पिल्लू आलं. मी फेकलं, ते नरसाळ्याच्या काठावर अडकलं आणि चिवचिवत राहिलं. मुकादम नेमका मागे उभा. याला संशय यायला नको, मी इथलीच वाटले पाहिजे, एवढंच डोक्यात आलं. मी अंगठ्याने ते पिल्लू आत दाबलं आणि म्हणाले, "मर की मेल्या, किती नखरे." आणि हसले. मुकादमाने माझ्याकडे जरा विचित्र पाहिलं आणि तो पुढे गेला. मला वाटलं, जमलं.

सहा आठवड्यांचं चित्रीकरण आम्ही ऑफिसात बसून पाहिलं. वकीलबाईंनी त्यातले नेमके ते वीस सेकंद निवडले. "यावर लोक थांबतील," त्या म्हणाल्या. हातमोजे सगळ्यांचे सारखेच. शेकडो हात बघून बघून डोळे इतके मेले होते, की हा हात खालून आलाय, म्हणजे कॅमेरा घालणारीचा आहे, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. नियमाप्रमाणे आवाज बदलला, घोगरा केला. हसणं मात्र राहिलं. मी मूग गिळून बसले. यात कुणाचं काय नुकसान होतंय, असं स्वतःला सांगितलं. हे असलं मीच स्वतःला सांगू शकते.

दोन दिवसांत तो तुकडा सगळीकडे गेला. कंपनीला सुंठीवाचून खोकला गेल्यासारखं झालं. टेबलाच्या पत्र्यावर तीन आकडा स्पष्ट दिसत होता आणि हजेरीपटात तीन नंबरला मावशीचं नाव होतं. 'एका कर्मचाऱ्याची विकृती, तिला तत्काळ काढले आहे,' असं पत्रक निघालं. कुणीतरी तिचा फोटोही टाकला. मग प्राणिप्रेमी मंडळींनी तिच्या दारावर अंडी फेकली. अंडी. ती कुठून आली, हा प्रश्न एकालाही पडला नाही. मला आमच्याच लोकांची शिसारी आली, आणि त्या लोकांत मी होते.

मी वकीलबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बुधवारी सरकारी समितीपुढे सुनावणी आहे," त्या म्हणाल्या. "गिरणीवर बंदी येऊ शकते. तू आत्ता तोंड उघडलंस तर कंपनीवाले म्हणतील, क्रूरता यांनीच केली आणि यांनीच चित्रित केली."

"पण मावशीची नोकरी गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली."

"वाईट झालं. नंतर बघू तिचं काहीतरी. पण लाखो पिल्लं एकीकडे आणि एक बाई दुसरीकडे. तूच ठरव."

एवढ्या शांतपणे बोलल्या. कुणाला ट्रेमध्ये ठेवायचं आणि कुणाला टाकायचं, हे मी सहा आठवडे शिकून आले होते. ते इथेही शिकवतात, हे माहीत नव्हतं. मी तिथून उठले.

मावशी दारातच बसली होती. डाव्या हातात चमचा धरून दार खरवडत होती.

"वाळलेलं अंडं निघत नाही, बाई," ती म्हणाली. "बस. तिथे नको, तिथलं पुसायचंय अजून."

"मावशी, तो हात माझा होता."

"माहीत आहे. तो उजवा आहे. मला काय माझा हात कळत नाही?"

"मग सांगितलं नाहीस कुणाला?"

"सांगितलं की. मुकादम म्हणाला, हात उजवा का डावा ते कोण बघतंय, जागा तुझी होती ना. तुझं नावही सांगितलं. तर ते खोटंच निघालं."

ती खरवडत राहिली.

"एक विचारू? हसलीस कशाला?"

"मुकादम मागे होता. संशय येऊ नये म्हणून. तुमच्यासारखी वाटावी म्हणून."

चमचा थांबला.

"आमच्यासारखी?" ती म्हणाली. "वीस वर्षांत मी किती टाकली, ते देवाला माहीत. तोंड देईन मी त्याला. पण शिवी नाही दिली कधी. आणि हसत तर कुणीच नाही तिथे. तू शेजारी बसून हे बघितलंस होय आमच्यात?"

सहा आठवडे मी कॅमेरा लावून बसले होते आणि शेजारच्या बाईकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. तिथल्या बायका कशा असतील हे मी घरूनच ठरवून आले होते, आणि तेच सोंग काढलं. "बुधवारी सरकारी समितीपुढे सुनावणी आहे, ये," एवढंच म्हणून मी निघाले.

बुधवारी माझी पाळी आली तेव्हा मी समितीला विनंती केली, की तो तुकडा मूळ आवाजात ऐकावा. माझं वाक्य आणि माझं हसणं त्या खोलीत वाजलं. एक सदस्य तोंडावर रुमाल धरून बसले. "हा माझा हात आणि माझा आवाज आहे," मी म्हणाले. "जिला काढलं ती तेव्हा तिथे नव्हती." कंपनीचा वकील आनंदाने उभा राहिला आणि त्याला जे म्हणायचं होतं ते म्हणाला. वकीलबाई कागद चाळत राहिल्या.

मग मागच्या बाकावरून मावशी उठली. तिला बोलायला कुणी सांगितलं नव्हतं.

"हिचं हसणं खोटं होतं, साहेब," ती म्हणाली. "गिरणी खरी आहे. मी वीस वर्षं तिथे होते. आज सकाळीही चालू असणार. बघायला या, पण कळवून येऊ नका."

अध्यक्षांनी तिला पुढे बोलावून खुर्ची दिली आणि पहिल्यापासून सांगायला लावलं. ती तासभर बोलली.

बाहेर पडलो तेव्हा जिना उतरायचा होता. तिचे गुडघे मला माहीत होते. मी एक पायरी खाली गेले आणि हात पुढे केला.

तिने हाताकडे पाहिलं. माझ्याकडे नाही.

"तो नको," ती म्हणाली.

कठडा धरून ती एकेक पायरी उतरली. मी मागून चालत राहिले.